इंदूचा सूर्यास्त

भूपाल आणि इंदू मगदूम परदेशी गेल्यापासून
आम्ही चौघं साडेसातला जमतो मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर,
बिराजदाराच्या टपरीवर, जिथं चहालाही हळदीचा वास येतो.
शौकतचा फोन सगळ्यात मोठा,
तो मधे, बशीला टेकवून.
कुंदा चष्मा विसरते. तिला सगळं सांगावं लागतं.

पहिला आठवडा इस्तंबूल.
अंगठ्याएवढ्या पेल्यात कॉफी, तळाशी गाळ,
डोक्यावर तिळाच्या कड्यांची चवड घेऊन चाललेला पोरगा,
वांगं, पुन्हा वांगं, तेलात निजलेलं वांगं.
"एवढं लांब जाऊन वांगंच?" उपाध्ये म्हणाला,
"कृष्णाकाठची काय वाईट होती?"
पण घरी जाऊन त्यानं तसलंच करायला लावलं,
आणि तेल ओतताना त्याची बायको जे बोलली
ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भूपालचे फोटो नेहमी एका बाजूनं कापलेले.
इंदूची ताटली पुरती दिसते: काकडी, पाव, ऑलिव्ह.
आणि कडेला दुसऱ्या ताटलीची नुसती कोर.
शौकत दोन बोटांनी ती कोर मोठी करतो.
तपकिरी काहीतरी. एक काटा. लिंबाची फोड.
"मासा," मी म्हणते.
"मश्रूम," कुंदा म्हणते, न बघताच.
कुठं बोलणार नाही आम्ही.
चाळीस वर्षांत भूपालनं माझी
याहून मोठी गुपितं राखलीत.

मग नॉर्वे. इंदूचा आवाज आला, तीन मिनिटांचा,
मागं समुद्रपक्षी भांडत होते.
"अगं, इथं सूर्य मावळतच नाही.
बत्तीस वर्षं दिवस बुडाल्यावर पाणी घेतलं नाही तोंडात,
आणि आता रात्री बाराला खिडकीत ऊन.
जेवू का नको?"

त्या दिवशी दुसरा चहा झाला, तिसरा झाला.
उपाध्ये म्हणाला, ऊन आहे म्हणजे दिवस आहे, जेव म्हणावं.
कुंदा म्हणाली, नियम सूर्याचा नाही,
अंधारात ताटात पडणाऱ्या किड्यांचा आहे,
तिथं किडे आहेत का ते आधी विचारा.
शौकत बराच वेळ बशी फिरवत राहिला.
"रोजाच्या महिन्यात आमच्यातही पडतो हा पेच.
तिकडची माणसं दुसऱ्या गावाचं घड्याळ धरतात म्हणे.
तिला सांग, सांगलीचं धर."

तेव्हापासून मी रोज गच्चीवर जाते.
सांगलवाडीच्या उसामागं सूर्य टेकला
की एकच शब्द पाठवते: मावळला.
तिकडं पावणेचार वाजलेले असतात.
भर दुपारी, लखलखीत उन्हात,
इंदू ताट बाजूला सारते.

आषाढात आठ दिवस सूर्य दिसलाच नाही.
मी अंदाजानं पाठवत राहिले.
उलट निरोप यायचा भूपालचा,
ना फोटो ना काही: आयर्विनला किती?
तेहतीस. चौतीस. कोयनेतून सोडलंय म्हणतात.
टपरी बंद झाली. बिराजदारानं स्टोव्ह उचलून
मेव्हण्याकडं विश्रामबागला नेला.

एका संध्याकाळी तळमजल्यावरचं धान्य वर चढवताना
माझ्याकडून राहून गेलं.
अकराला आठवलं. हात गव्हानं पांढरे.
फोन उघडला तर इंदूच बोलत होती:
"तुझा शब्द आला नाही,
म्हणजे तुमच्याकडं अजून दिवस आहे असं धरलं,
आणि खात बसले. पिवळ्या बोरांचा मुरंबा होता.
लई खाल्ला गं.
तू आहेस ना नीट? आयर्विनला किती?"

सोबत फोटो, घाईत कापायचा राहिलेला.
दोन ताटल्या, दोन काटे,
एकमेकांना टेकलेले दोन कोपरे.
तपकिरी ते मश्रूमच होते.
कुंदा चष्म्याशिवाय जिंकली.

मी लिहिलं, अडतीस. स्थिर आहे.
मग खिडकीबाहेरच्या काळ्या पाण्याकडं बघून
खाली अजून लिहिलं,
आत्ता मावळला.