तिसरी वखार

अवसेच्या रात्री निपाणीतली तिसरी तंबाखूवखार
आतून कडी लावून घेते.
आम्ही सोळाजणी होतो,
सगळ्यात धाकटी तेरा वर्षांची.
प्रत्येकीच्या जिभेखाली एकेक निखारा.
जिचा आधी विझेल,
तिचं नाव पुसलं जाणार दोन्ही लिपींतून:
शाळेच्या पटावरून, रेशनकार्डावरून,
सख्ख्या आईच्या तोंडातूनही.

पहाटे उरलो मी आणि गंगव्वा.
धुळीनं डोळे लाल.
माझा निखारा राखेला आलेला, तिनं पाहिलं.
"साकु गं," म्हणाली,
आणि स्वतःचा गिळून टाकला.

घरी आई विड्या वळत होती.
"हे दुसरं सूप कुणाचं गं?"

सुपात अर्धी वळलेली विडी,
दोरा सुटलेला.
मी तो बांधला.
हजारात धरली नाही.