कोरडं वजन

तिसऱ्या मजल्यावर आधी काटा.
चपला काढून, पाकीट आणि किल्ल्या माझ्याकडे देऊन
भाऊ काट्यावर उभे राहतात,
पासपोर्टच्या फोटोसाठी राहावं तसे ताठ.
इरफान वाचतो : त्रेसष्ट आठशे.
कोरडं वजन साडेएकसष्ट.
म्हणजे दोन लिटर तीनशे जास्तीचं,
शनिवार-रविवारचं.
"मुलगी आलीये ना," भाऊ सांगतात, "चहा झाला दोनदा."

मीही वजन करूनच आणलं सगळं,
गोथेनबर्गच्या स्वयंपाकघरात, बॅग हाताला लटकवून,
एक चीज काढ, एक स्वेटर घाल,
तेवीस किलोच्या वर काटा जाऊ नये म्हणून.
इथे आल्यावर कळलं, चीज चालत नाही.
चॉकलेट नाही. बदाम तर नाहीच नाही.
उरले लोकरीचे मोजे.
मशीनवर पाय गार पडतात, म्हणाले,
बरे आणलेस.

चौतीस वर्षं पोर्ट ट्रस्टमध्ये
ते भरती-ओहोटीची कोष्टकं तपासत.
कुठल्या दिवशी, किती वाजता, किती मीटर पाणी,
पुढच्या अख्ख्या वर्षाचं, आधीच.
आमच्या सहली त्यावरून ठरायच्या.
"अकराला ओहोटी. पायीच जाऊ किल्ल्यात."
आणि समुद्र खरोखर अकराला बाजूला व्हायचा.
मला वाटे, यांना विचारून जातो.

आता सोम-बुध-शुक्र.
चार तास, एका नळीतून जाऊन दुसरीतून परत.
मधल्या दिवसांत आमची सुट्टी बसवायची :
मंगळवारी घारापुरी,
अलिबाग जाऊन-येऊन, मुक्काम नाही.
लाँचवर थर्मासमध्ये भाऊंचे बर्फाचे तीन तुकडे,
जिभेवर धरायचे,
दुपारपर्यंत पुरवायचे.
ऊर्वी म्हणाली, आजोबा, मला?
त्यांनी दिला.
तिनातला एक.

आज ती स्टुलावर बसलीये, मास्क नाकाखाली,
माझ्या फोनवर फोटो दाखवतेय त्यांना.
तिला कोणी सांगितलंच नव्हतं काय लपवायचं.
क्रोएशिया. दगडी पायऱ्या. तिची पिवळी टोपी.
वर बारीक अक्षरांत : १४ जुलै.
भाऊ चष्मा कपाळावर चढवून
ती तारीख वाचतात, कोष्टकातला आकडा वाचावा तशी.

चौदा जुलैला त्यांच्या डाव्या हाताचं ऑपरेशन झालं.
अठराला पाणी छातीत चढलं.
श्रीरंगने मला कळवलं पंचवीसला :
तिकिटं काढलेली होती तुझी,
भाऊच म्हणाले, फिरू दे तिला.
आणि त्याच फोनवर, रडत रडत,
मी भाऊंना सांगितलं होतं
की यंदा आम्ही कुठेच गेलो नाही.

मशीन आपलं फिरतंय.
खिडकीतून गोदीतल्या क्रेनची नुसती मान दिसते.
मी किल्ल्यांच्या जुडग्यातली
कपाटाची कुठली, दाराची कुठली, बघत राहते.

"हे पाणी सकाळचं की संध्याकाळचं?"
"हे सकाळचं. हे संध्याकाळचं," ऊर्वी बोट सरकवते.
"एकाच पायरीला लागलंय?"
"तिकडे ते तिथेच असतं, आजोबा."
भाऊ फोन जवळ नेतात, लांब नेतात.
"इतकीशी भरती," म्हणतात,
"माझ्यासारखा माणूस काय करेल तिथे दिवसभर!"
मग, माझ्याकडे न बघता,
"टोपी छान आहे तिची. कुठे घेतली?"
तिथेच, मी म्हणते.
तिथल्या बंदरावर.
"बंदर आहे होय," म्हणतात. "मग दाखव की."

साडेबाराला पुन्हा काटा.
चपला बाहेर, पाकीट माझ्याकडे.
एकसष्ट सहाशे.
शंभर ग्रॅम राहिले, इरफान म्हणतो,
अजून पाच मिनिटं घेतली असती तर गेले असते.
भाऊ खाली बघतात,
पायांकडे.
"राहू देत रे," म्हणतात, "मोज्यांचे असतील."