ऊझ

देगलूरला, नववी ब च्या फळ्यावर
मी लिहिला शब्द : ऊझ.
अर्थ : हळूहळू झिरपणे.
पुढं, सर?
पुढं काही नाही, म्हणालो. उतरवून घ्या.

खरं तर शब्दकोशात पुढं बरंच होतं.
जुन्या इंग्रजीत म्हणे दोन शब्द होते,
एक चिखलाचा, एक झाडाच्या रसाचा.
दोघांच्या तोंडचा 'व' वाटेत कुठंतरी गळाला,
झिजत झिजत दोघं एका आवाजाचे झाले.
आता कुठला गाळ नि कुठला चीक,
शब्दालाही सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात शाळेचा नवा माठ
गळका निघाला.
हेडमास्तर म्हणाले, तुम्ही त्याच आळीत राहता,
द्या परत.

पोशट्टी कुंभारानं माठाच्या पोटावरून हात फिरवला,
ओला तळवा मला दाखवला.
'गळतंय कुठं सर? पाझरतंय.
गळतं ते एका जागेतून.
हे बघा, अंगभर.
पाझरत नाही असा पाहिजे तर प्लास्टिकचा घ्या,
अन् प्या ऊन पाणी.'
आतून त्याची म्हातारी तेलुगूत काही बोलली,
त्यात ऊट हा शब्द होता.
ऊट म्हणजे?
झराच की, तो म्हणाला, मातीतून वर येतंय ते.
तिकडं औरादच्या बाजूला, कानडीत,
ऊट म्हणजे जेवण.

माठ डोक्यावर परत आणताना मानेवर गार ओघळ,
आणि एकेक आठवत गेलं.
मैनोद्दीन ड्रेसर पट्टी सोडताना म्हणायचा, रिस रहा है.
आई म्हणायची, ढेप पाघळली गं.
विहीर खोदणारे तर 'पाझर लागला' हे
इतकं हळू सांगायचे
की जोरात बोललं तर आटेल.
एवढं घरात असून
मी पोरांना एकच ओळ दिली.

आणि एक राहिलंच.
माझी नि धाकट्या भावाची भिंत एकच.
त्याच्या न्हाणीची ओल माझ्या खोलीत उतरते,
चुना फुगतो, पोपडे पडतात.
सात वर्षं झाली, त्यावरूनच बोलणं बंद.
पण भिंत ओली असली की कळतं,
आहेत घरात, अंघोळी झाल्या,
पोरं शाळेत गेली असतील.

या मे महिन्यात भिंत वाळली.
मी दोनदा हात लावून पाहिला.