दानित्साचे मैल

पुंता अरेनासमधला वारा कुणाला विचारून वाहत नाही.
सकाळी साडेसहाला तो दानित्साला पाठीत ढोसत
बँकेच्या मागच्या दारापर्यंत आणून सोडतो.
ती बूट बदलते, बादली भरते,
पाच मजल्यांचा मैल काढते.

आणि रात्री मैल मोजते.
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
विमान कंपनीचा कागद चहाच्या कपाखाली दाबून.

तिचे आजोबा ब्राच बेटावरून बोटीत बसले,
बेचाळीस दिवसांनी इथे उतरले.
मेंढ्यांची लोकर कातरता कातरता
परत जायला सवड झाली नाही.

तिला सवड होती. पैसे नव्हते.
होतं एक कार्ड, खरेदी करेल त्याला मैल देणारं.
पण बँक पुसणारी बाई खरेदी करून करून किती करणार?
म्हणून गल्लीत कुणीही पाकीट काढलं
की ही कोट चढवून हजर :
रोख मला दे, कार्ड मी ओढते.

दाढ मिरेयाची, कार्ड दानित्साचं.
तोंडात कापूस, मिरेयाने नुसती मान हलवली.
रेनेच्या लग्नातली तीन कोकरं.
म्हाताऱ्या एदुविहेसची शवपेटीसुद्धा.
'अशा वेळी विचारू नये' असं म्हणत दारात तीनदा घुटमळली,
मग विचारलंच.
आणि माझ्या दुकानातला लाल रंग,
गल्लीतल्या प्रत्येक पत्र्याच्या छपरासाठी.

पाचव्या वर्षी कंपनीने दर बदलले.
काल साठ हजार मैलांना मिळणारं तिकीट
आज पंच्याऐंशी हजारांना.
युरोप होता तिथंच होता.
त्या संध्याकाळी ती सिमेंटच्या पोत्यावर बसून राहिली,
मी दुकान बंद करेपर्यंत.
काही बोलली नाही.
मीही काही बोललो नाही.
त्या वर्षी माझं छप्पर मी दोनदा रंगवलं.

शेवटी निघाली.
सांतियागो, साओ पावलो, माद्रिद, स्प्लिट, पुढे बोट.
कर मैलांत चालत नाही म्हणाले,
तेव्हा बिस्किटांचा डबा ओतून नाणी मोजली.
जाताना शपथ घेतली :
पंधरा दिवस हातात फडकं धरणार नाही.

परत आल्यावर गल्ली जमली. काय पाहिलंस?
दगड, म्हणाली. शेतात दगड, कुंपणाला दगड,
घर होतं तिथे कुणाची तरी निळी गाडी.
मग कबरस्तानात गेले.
आमचं आडनाव शेवाळ्याखाली, अर्धंच दिसत होतं.
भाषा येईना, तर शेजारच्या बाईसमोर
बादलीचा अभिनय केला.
दीड तास घासलं.
अक्षरं निघाली सगळी.
त्यातलं एक चुकीचं होतं.
एवढं बोलून ती इतकी हसली
की चहा सांडला.

सगळे गेल्यावर मी विचारलं,
माझ्या रंगावर कुठवर गेलीस?
तिने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
मिरेयाची दाढ : धावपट्टी संपेस्तोवर.
कोकरं सांतियागोपर्यंत पुरली.
एदुविहेसने अँडीज पार करून दिला.
आणि तुझं छप्पर, दोन्ही वेळचं...
पेन्सिल थांबली.
रात्रीचे तीन. सगळे झोपलेले.
खिडकीत काळोख, खाली अटलांटिक.
तेवढा तू.

मी कुठे गेलो नाही. खिळे तोलतो,
गिऱ्हाइकाला विचारतो, रोख की कार्ड?
तिच्या खात्यात आता दोनशे बारा मैल.
आज वाऱ्याने दार उघडलं,
मागोमाग ती, कोटाची बटणं लावत.
तुझ्या छपराचं कसं आहे?

मी बाहेर येऊन वर पाहतो.
लालभडक. दहा वर्षं हात लावायला नको.

उडालाय गं, म्हणतो, रंग.