निमकी

कोपनहेगन. तळघर. पहाटेचे सव्वातीन.
शिशाच्या भिंतीआडून, लांब चिमट्यानं
आस्गर बिस्मथची चकती बाहेर घेतो.
रात्रभर तिनं किरणांचा मारा सोसला.

आत ॲस्टेटाइन आहे म्हणतात.
म्हणतात, कारण ते कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.
दिसेल इतकं साठलंच
तर स्वतःच्याच धगीनं उडून जाईल.

सव्वासात तासांत निम्मं,
पुढच्या सव्वासातात पाव,
मग नवटाक, मग छटाक.
याला कोठार नाही, उद्या नाही.

भट्टी किती तापवायची
हे ओसाकाच्या वाकात्सुकीबाईंनी कळवलेलं:
"पन्नास अंश चुकलो, आणि एकदा सगळंच घालवलं."
वॉर्सॉहून बोगुमिलानं
फसलेल्या नऊ खेपांची वहीच पाठवली,
चहाच्या डागासकट.
जमलेलं तर कुणीही छापतं.

पुलावर वारा. गाड्या मुंगीच्या पावलांनी.
मागच्या खणात अठरा किलो शिसं,
आणि त्यात, वजनात न मोजण्याजोगं काहीतरी
सरत चाललेलं.
चालक घड्याळ बघत नाही.
बघून वारा थोडाच पडतो?

गॉथेनबर्गच्या दवाखान्यात गुनवोर,
एकतीस वर्षं ट्राम चालवलेली,
पायमोज्याची टाच विणत बसलीय.
"वेळेवर आलं का?"
"उशिरा. निघालं होतं त्याहून कमी आहे,"
डॉक्टर इंगेयर्ड बाही वर सारते,
"पण लागेल तेवढं आहे."

गुनवोर सुया बाजूला ठेवते.
"माझंही तसंच."