आधी स्पीकर

एव्हरिस्त मला आधी खुर्चीत बसवतो.
एकोणीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन होता,
आता वास्कोत, मासळी बाजारामागच्या गल्लीत
वरच्या मजल्यावर दुकान. पाटी नाही, जिना अरुंद,
दर पायरीवर कुणाचा तरी पोट उघडलेला डेक.

"पैसे मागीर सांग," तो म्हणतो. "पयलीं आयक."

ऐकायचं म्हणजे काय, ते मी त्याला सांगत नाही.
सव्वीस वर्षं मुरगावच्या धक्क्यावर क्रेन चालवली.
डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली होती :
इथवर ठीक, आणि इथे, चार हजारांपाशी,
दरड कोसळावी तशी खाली.
तंबोऱ्याची जवार त्या दरडीखाली कुठेतरी आहे.

पहिली जोडी देखणी. सागवानी अंग,
पण शंकूच्या कडेला फोम.
"आमच्या हवेत पाच-सहा वर्षां," बोट लावून तो म्हणतो,
"मागीर बिस्किटासारखो हातांत येता."
दुसरी भारी बोलकी. प्रत्येक स्वराला टाचणी.
तिसरी बुटकी, राखाडी, रबरी कडेची,
लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभी राहणारी.

तिच्यावर त्याने माझंच रेकॉर्डिंग लावलं,
मोबाइलवर नेलेलं : चवथीची आरती,
शामेळ, झांज, चार घुमटं.
घुमटाच्या मागच्या तोंडावरून
तळहात उचलला जातो ना,
ते ऐकू आलं.
ठोका नव्हे. उचलणं.

"ही," मी म्हणालो.

"ही आळशी," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी डेसिबल.
मागे लिहिलंय आठ ओम,
खर्जात साडेतीनवर उतरते.
पत्रिकेत एक, घरात एक."

घरी मेव्हण्याने बहारीनहून आणलेला
पंधरा वॅटचा अॅम्प्लिफायर आहे, मी म्हटलं.
लहान आहे, पण बरंच ना ते?
निदान स्पीकर तरी जळणार नाहीत.

एव्हरिस्तने खणातून डबा काढला.
लाडवांचा डबा. आत ट्विटर,
पस्तीस-चाळीस, सगळे मेलेले,
नखाएवढ्या घुमट्या, काही चेपलेल्या.

"हातूंतले मोठ्यान मारलेले थोडे," तो म्हणाला.
"चडशे ल्हानान मारले.
मोठ्याकडे शिल्लक असते, तो ओरडत नाही.
लहानाचा दम संपला
की तो सुरांची डोकी छाटतो,
सपाट करून तसेच पुढे ढकलतो.
आणि ते सगळं जाऊन पडतं
सगळ्यात बारीक तारेवर."

डब्यावर झाकण बसेना.
दोनदा दाबलं त्याने.

मला रात्रपाळीहून येणारा एक माणूस आठवला,
ज्याला स्वतःचा आवाज धड ऐकू येत नसे
आणि जो मीठ मागायचा तेही ओरडून.
कुमुद आधी उत्तर द्यायची.
मग नुसती मान.
मग तेही नाही.
शेजारी म्हणत, जबर माणूस आहे.

मी ऐंशी वॅटचा घेतला,
चार ओमलाही न डगमगणारा,
वजनाला तांदळाच्या अर्ध्या पोत्याएवढा.
हप्ते अकरा. रिक्षा चिखलीपर्यंत दीडशे.

भिंतीपासून दोन वीत पुढे ओढले स्पीकर,
खर्ज जाड येत होता म्हणून.
पाच पावलं मागे खुर्ची, तिच्याशेजारी
ज्या खुर्चीवर धुतलेले कपडे असतात ती.
बटण नऊच्या आकड्याशीही नेलं नाही.

घुमट वाजलं तशी
खिडकीच्या चौकटीतली एक शिंपली,
शेकडोंतली एकच,
करकरू लागली.

कुमुद आतून आली.
विजेच्या बिलाची घडी करून
तिने चौकटीत सारली, बोटाने चाचपली.
कपडे उचलून पलंगावर टाकले, बसली.
आरतीचं एक कडवं संपलं.

"हें इतलें ल्हान कित्याक लायलां?"
माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
"वाडय मरे."