चौथं भोक

साकोलीच्या दुकानात ते यंत्र पाहिलं
तेव्हा आधी रंगच दिसला. पोपटी.
मी रेड ऑक्साइडवर भागवलं होतं.
स्टिकरवर मिशा पिळलेला हसरा शेतकरी,
खाली लिहिलेलं : शिंगाडा सोलणी, अर्धा एचपी,
तासाला चाळीस किलो.

चाळीस होत नाहीत. तेवीस होतात.
मी मोजलेत.

वाकून पात्यामागची पट्टी पाहिली.
बोल्ट तीन, भोकं चार.

ती पट्टी मी घरडे मास्तरांच्या कूलरची कापली होती,
मे महिन्यात पंप जळाला म्हणून त्यांनी भंगारात दिलेल्या.
चौथ्या भोकातून पाण्याची नळी जायची.
माझ्या यंत्रात तिथून काहीच जात नाही.
आणि यांनी, कुठल्या मोठ्या कारखान्यात, कोऱ्या पत्र्यावर,
माप घेऊन, ड्रिल लावून,
दुकानातल्या सहाही नगांना ते भोक पाडलं होतं.

मला आधी हसूच आलं.
पोरगं शेजाऱ्याचं बघून पेपर लिहितं
आणि वर नावही शेजाऱ्याचंच उतरवतं, तसं.
दुकानदार म्हणाला, "घेता का जी? सबसिडी हाय."

नागपूरच्या वकीलबाईंना भोकाचा फोटो दाखवला.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.
"अर्ज आधी केला होता, की प्रदर्शन आधी?"

भंडाऱ्याचं प्रदर्शन, जानेवारी, स्टॉल एकोणतीस,
एकीकडे लोणची, एकीकडे गांडूळखत.
स्वच्छ बुटांचे दोन तरुण आले.
झाकण उघडा म्हणाले, उघडलं.
फोटो काढू का म्हणाले. आत अंधार होता,
टॉर्च मीच धरला.
चहाही मीच पाजला.

"दाखवलेलं नवीन राहत नाही," बाई म्हणाल्या.
हे आमच्याकडे कुणी सांगत नाही.
आमच्याकडे लपवणाऱ्यालाच लोक नावं ठेवतात.

"पुढे काही सुधारणा?"
होती. घरी पोत्याखाली होती.
पातं पोटाकडून कापत नाही आता,
शिंगाच्या बुडाशी टोचतं आणि साल उकलतं,
गर तुटत नाही.
कुणाला दाखवलं नव्हतं. साळ्यालाही नाही,
आणि तो दोनदा विचारून गेला होता.
पट्टीला चौथं भोक आहेच, या खेपेला मुद्दाम.

तात्पुरता अर्ज. सोळाशे रुपये.
पूर्ण वर्णनाला बारा महिने.

रात्री शटर आतून ओढून फॉर्म भरायला बसलो.
अर्जदार : वलथरे फॅब्रिकेशन, लाखांदूर रोड.
शोधकर्ता :

गेल्या कार्तिकात ढिवरटोल्याच्या बाया
तळ्याच्या पाळीवर सोलत बसल्या होत्या,
उकडलेल्या सालींनी हात काळे,
अंजिराच्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
मी तिच्या विळीकडे बघत होतो.
"पोटाकून नोको कापू बाप्पा," ती म्हणाली,
"शिंगाकून उकलते तो. मी लहानपनापासून तसीच सोलतो."
मी हो हो म्हणालो.
घरी येऊन वहीत चित्र काढलं,
खाली तारीख, खाली माझी सही.
तिला तर चहाही पाजला नव्हता.

पेन बराच वेळ तसाच.
बाहेर कुत्रं शटरला अंग घासून गेलं.

सकाळी तिच्याकडे गेलो. पूर्ण नाव सांग म्हटलं.
"काहून? राशनचं का?"
नाही, पात्याचं.
समजावलं. तिला पटलं की नाही, कळलं नाही.
हातातला शिंगाडा तिने खाली ठेवला नाही.
मग म्हणाली, "मारबते नोको लिवू.
माहेरचं लिव. सोलाले माहेरीच सिकलो मी."

आधार कार्डावर मारबतेच आहे.
बाईंना फोन करून विचारावं लागेल.